जादा दाम कशासाठीं?

कॉफीच्या दोन पेल्यांपैकीं एकास तिप्पट दाम मोजावा कीं न मोजावा, हा प्रश्न प्रथमदर्शनीं इतका क्षुल्लक भासतो कीं, त्यावर मासिकाचीं पानें खर्ची घालणें हा कित्येक वाचकांस कागदाचा अपव्यय वाटण्याचा संभव आहे. ज्याच्या गांठीं पैसा असेल त्यानें घ्यावी, नसेल त्यानें घेऊं नये, इतकें म्हटलें म्हणजे वाद मिटला, अशीच सामान्य समजूत असते. आमचीही गेल्या पौषापर्यंत अशीच होती. परंतु संक्रांतीच्या आदल्या दिवशीं आमच्या घरीं एक लहानशी गोष्ट घडली, आणि तेव्हांपासून या प्रश्नानें आम्हांस स्वस्थ बसूं दिलेलें नाहीं.

आमचें घर दौंड तालुक्यांत खुटबावास आहे. पुण्याहून दौंडाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर यवत व केडगांव यांच्या मध्यें हें लहानसें स्टेशन लागतें. खडकवासल्याच्या कालव्याचें पाणी या बाजूस खेळूं लागल्यापासून येथें उसाचें पीक स्थिरावलें, आणि उसामागोमाग गुऱ्हाळेंही आलीं. थंडीच्या दिवसांत पहांटेच्या गाडींतून उतरणाऱ्या मनुष्यास घर दिसण्यापूर्वीं उकळत्या रसाचा वास येतो. अशा गांवांत कॉफीचा वाद उपस्थित व्हावा हें वस्तुतः नवलच. परंतु आमचा भाचा पुण्यास नोकरीस असतो, आणि हल्लीं तेथील तरुण मंडळींत कॉफीसंबंधीं मोठी जिज्ञासा उत्पन्न झाली आहे. संक्रांतीस येतांना त्यानें पाव किलोचें एक पुडकें आणलें. त्यावर चिकमगळूरकडील मळ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची, फळ कोणत्या रीतीनें वाळविलें तें, आणि बी भाजल्याची तारीख, अशी सर्व कुंडली छापलेली होती. किंमत सहाशें रुपये. आमच्या नेहमींच्या भुकटीच्या ती तिप्पट होती.

आमच्या काकूंनीं त्या भुकटीची आपल्या नेहमींच्या रीतीनें कॉफी केली. दूध सढळ, साखर सढळ, आणि वर किसलेलें जायफळ. पहिला घोट घेतांच भाचा कळवळला.

"अगं आजी, जायफळ कशाला घातलंस? सगळी चव झांकून गेली!"

"अरे, जायफळ नाहीं तर तो काढाच कीं! आणि केवढ्याची म्हणालास ही? सहाशें रुपयांत माझी संक्रांतीची गुळाची ढेप घरांत येते."

"ती ढेप तरी तूं कसलीही घेतेस का? चार ठिकाणीं बघूनच घेतेस ना?"

"घेतें तर! चांगली पिंवळीधमक बघून घेतें."

तो संवाद तेवढ्यावरच संपला. परंतु काकूंचें हें शेवटचें उत्तर वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, अशी आमची विनंति आहे. कारण पुढें आम्हांस त्याच्याकडेच परत यावयाचें आहे.

प्रथम काकूंच्या बाजूनें जें म्हणण्यासारखें आहे तें म्हटलें पाहिजे. कॉफी हें अन्न नव्हे. तिनें पोट भरत नाहीं, कीं अंगीं बळ येत नाहीं. तिचा जो कांहीं उपयोग आहे तो घटकाभर तरतरी व जिभेचें सुख एवढाच. तरतरी तर स्वस्त कॉफीनेंही येते, किंबहुना कांहींशी अधिकच येते. कारण जी रोबस्टा जातीची कॉफी सामान्यतः स्वस्त विकली जाते, तिच्यांत तरतरी आणणारें द्रव्य उंची अरेबिकापेक्षां जास्त असतें. राहतां राहिलें जिभेचें सुख. आणि जीभ तर ज्याची त्याची निराळी. मग एकाच्या जिभेला जें गोड लागतें त्यास दुसऱ्यानें अधिक दाम कां द्यावा? ज्या देशांत पुष्कळांस दोन वेळच्या दुधाची भ्रांत आहे, तेथें असल्या सूक्ष्म सुखांची चर्चा करणें हेंच मुळीं शोभत नाहीं, असेंही कोणी म्हणेल, आणि त्या म्हणण्यांत खोटें कांहीं नाहीं.

तथापि "जीभ ज्याची त्याची" हें म्हणणें वाटतें तितकें पक्कें नाहीं. स्कॉटलंडचा तत्त्ववेत्ता डेव्हिड ह्यूम यानें १७५७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या रुचिविषयक निबंधांत 'डॉन किहोटे' या स्पॅनिश कादंबरींतील एक गोष्ट घेतली आहे. सांको पान्सा सांगतो कीं, त्याच्या दोघां नातलगांस एका मोठ्या पिंपांतील मद्याची परीक्षा करावयास बोलाविलें होतें. एकानें घोट घेऊन सांगितलें, मद्य चांगलें आहे, पण किंचित् कातड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, चांगलें खरें, पण मला लोखंडाची चव लागते. जमलेले लोक दोघांनाही हंसले. पुढें पिंप रिकामें झालें तेव्हां तळाशीं कातडी वादींत ओंवलेली एक जुनी किल्ली सांपडली. ह्यूमचें तात्पर्य हें कीं, रुचीचा भेद हा नुसत्या मनाचा खेळ नव्हे. कित्येकदां त्याच्या तळाशीं खरोखरीची किल्ली असते. मात्र ती जाणवावयास जीभ तयार असावी लागते, आणि लोकांस ती पटावयास पिंप रिकामें व्हावें लागतें.

कॉफीच्या व्यापारांतही या किल्लीचा शोध घेण्याची रीत पडून गेली आहे. परीक्षक मंडळींपुढें पेले मांडतात ते मळ्याचें नांव झांकून. प्रत्येकजण चमच्यानें घोट ओढून शंभरांपैकीं गुण देतो, आणि ऐंशीं अथवा त्याहून अधिक गुण मिळालेल्या कॉफीस विशेष दर्जाची मानतात. १९९९ सालीं ब्राझील देशांत याच पद्धतीनें राष्ट्रीय स्पर्धा भरवून निवडलेल्या कॉफीचा लिलाव करण्याचा उपक्रम सुरू झाला, आणि पुढें तो इतर देशांतही गेला. नांव ठाऊक नसतांना पुष्कळशा परीक्षकांचें मत जुळतें, तेव्हां त्या मताला कांहींतरी वस्तुनिष्ठ आधार आहे हें कबूल केलें पाहिजे. तेव्हां भाच्याच्या पुडक्यांतील कॉफी वेगळी होती यांत शंका नाहीं. प्रश्न असा कीं, हा वेगळेपणा येतो कोठून, आणि जादा दाम त्याच ठिकाणीं पोंचतो काय?

येतो तो बहुतांशीं श्रमांतून. आपल्या देशांतील बरीचशी कॉफी कर्नाटकांत, कोडगू व चिकमगळूर या डोंगराळ भागांत, मोठ्या झाडांच्या सांवलींत होते. आपल्या महाराष्ट्रांत अमरावती जिल्ह्यांतील चिखलदऱ्यासही थोडीबहुत पिकते. कॉफीच्या एकाच फांदीवरचीं फळें एकदम पिकत नाहींत. शेजारीं शेजारीं एक लाल, एक पिंवळें, एक हिरवें असें असतें. स्वस्त रीत अशी कीं, फांदी धरून वरपासून खालपर्यंत सर्व ओरबाडून घ्यावी. महाग रीत अशी कीं, लाल तेवढींच फळें वेंचावीं, आणि कांहीं दिवसांनीं पुन्हां त्याच झाडापाशीं यावें, व पुन्हां यावें. वेंचलेलें फळ फार वेळ ठेवून चालत नाहीं. वरची साल काढून, चिकट गर आंबवून धुऊन, बी अंगणांत पसरून दिवसांतून अनेकदां परतावें लागतें, आणि शेवटीं काळें, फुटकें, किडकें बी निवडून काढावें लागतें. सुमारें सहा किलो फळापासून एक किलो बी हातीं येतें, आणि भाजतांना त्याचाही सहावा हिस्सा किंवा अधिक उडून जातो.

यांत लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, यांपैकीं कोणताही श्रम टाळला तरी तें गिऱ्हाइकाच्या डोळ्यांस दिसत नाहीं. हिरवें फळ व पिकलें फळ यांचें बी काळेंभोर होईपर्यंत भाजलें म्हणजे दोघांचा रंग एक होतो. त्यावर दूध, साखर व जायफळ पडलें म्हणजे चवही एक होते. काकूंचें जायफळ हें आमच्या पिढीजात आवडीचें खरें. परंतु तीस चाळीस वर्षें आम्ही जी कॉफी घरीं आणीत होतों तिच्यांतील उणें झांकण्याचें कामही तें निमूटपणें करीत होतें, असें आतां आम्हांस वाटूं लागलें आहे.

मग एवढ्या श्रमाला जादा दाम देणें न्याय्यच, असें म्हणून आम्हांस येथेंच थांबतां आलें असतें. परंतु जादा दाम आणि जादा गुण हे सदैव एकमेकांचा हात धरून चालत नाहींत. उदमांजराच्या पोटांतून बाहेर पडलेलें बी धुऊन भाजलेली कॉफी जगांत अतिशय महाग विकली जाते. तिची ख्याति चवीची नसून मुख्यत्वें नवलाईची आहे, आणि त्या नवलाईपायीं कित्येक ठिकाणीं तें रानांत हिंडणारें जनावर पिंजऱ्यांत डांबून त्यास बळेंच फळें चारलीं जातात. येथें जादा दामानें कोणाचा श्रम उजळला? उलट पक्षीं, कॉफी आणि चिकोरी यांच्या मिश्रणांत कॉफीचा अंश शेंकडा ५१ हून कमी नसावा असा आपल्याकडील कायदा आहे. म्हणजे उरलेला जवळजवळ निम्मा भाग चिकोरीच्या भाजलेल्या मुळांचा असूं शकतो. हें प्रमाण पुडक्यावर छापलेलें असतें. तें वाचून, दाट रंग आवडतो म्हणून मिश्रण घेणाऱ्यास आमचें कांहीं म्हणणें नाहीं. परंतु न वाचतां "आमच्या घरीं उत्तम कॉफी लागते" असें सांगणारीं घरें आम्हांस पुष्कळ ठाऊक आहेत, आणि त्यांत आमचें एक होतें.

शिवाय दाम दिला तरी तो वेंचणाऱ्या हातापर्यंत जातोच असें नाहीं. १९८८ सालीं हॉलंडांत कांहीं मंडळींनीं, कॉफी पिकविणाऱ्या लहान शेतकऱ्यास ठराविक किमान भाव दिल्याची साक्ष म्हणून पुडक्यांवर एक खूण छापण्यास आरंभ केला, आणि तिला 'माक्स हावेलार' हें नांव दिलें. जावा बेटांतील रयतेच्या पिळवणुकीवर मुल्टाटुली या टोपणनांवाच्या लेखकानें १८६० सालीं लिहिलेल्या डच कादंबरीचें हें नांव आहे. पुढच्याच वर्षीं देशोदेशींच्या निर्यातीचे वांटे ठरविणारी आंतरराष्ट्रीय व्यवस्था स्थगित झाली, कॉफीचे भाव कोसळले, आणि असल्या खुणेची गरज अधिकच पटली. ही खूण निघावी लागली याचाच अर्थ असा कीं, नुसत्या जादा दामावर भरंवसा ठेवून शेतकऱ्याचें भलें होत नाहीं, हें तेथील लोकांस कळून चुकलें होतें.

हे सर्व विचार त्या दिवशीं आमच्या मनांत इतक्या सुसंगतपणें आले होते असें मात्र नाहीं. ते आले संध्याकाळीं, काकूंची ढेप आणावयास आम्ही व भाचा गुऱ्हाळावर गेलों तेव्हां. कॉफीचे मळे आमच्यापासून शेंकडों कोस दूर. परंतु गूळ आमच्या डोळ्यांसमोर होतो, आणि आमच्या जादा दामानें काय काय होतें तें आम्हीं तेथें पाहिलें.

गूळ करण्याची कृति पाहिली नसेल अशा शहरी वाचकांसाठीं ती थोडक्यांत सांगतों. तोडलेला ऊस शिळा न होऊं देतां चरकांत घालावा लागतो. निघालेला रस गाळून मोठ्या काहिलींत ओततात, आणि खालीं चुलाणांत उसाचींच वाळलेलीं चिपाडें जाळतात. रस तापूं लागला कीं त्यांत भेंडीच्या झाडाचा चिकट रस व चुन्याची निवळी घालतात. त्यायोगें सारा मळ फेंसाबरोबर वर येतो, आणि ती मळी झाऱ्यानें पुनःपुन्हां काढून टाकावी लागते. पाक कोठें आला तें गुळव्या थंड पाण्यांत थेंब टाकून बोटांनीं पाहतो. क्षणभर आधीं काहील उतरली तर ढेप बसत नाहीं; क्षणभर उशीर झाला तर गूळ करपतो. शंभर किलो उसामागें दहा बारा किलो गूळ पदरांत पडतो. नीट मळी काढलेला, वेळेवर उतरलेला, दुसरें कांहीं न घातलेला गूळ बहुधा तांबूस, तपकिरी रंगाचा असतो. कांहीं जमिनींत व कांहीं जातींच्या उसांत तो आपोआपही उजळ होतो. परंतु केशरी पिंवळा झळझळीत रंग दरवेळीं हमखास हवा असेल, तर काहिलींत एक पांढरी पूड टाकावी लागते. रसायनशास्त्रांत तिला सोडियम हायड्रोसल्फाइट म्हणतात. तिनें रंग तेवढा उडतो; मळ जात नाहीं, गोडी वाढत नाहीं, आणि ठेवणींत तो रंगही टिकत नाहीं. मागें राहतो तो गंधकाचा अंश, आणि त्याला कायद्यानें मर्यादा घालावी लागली आहे.

गुळव्या आमच्या जुन्या ओळखीचा. वयानें वडील म्हणून आम्ही त्यास आबा म्हणतों. भाच्यानें त्यास सरळच विचारलें, "आबा, ती पूड न घालतां का करत नाहीं?" म्हाताऱ्यानें झारा थांबविला नाहीं. तो म्हणाला, "केला कीं बाळा. दोन वर्सं केला. आडत्यानं ढेप फोडली, रंग बघितला, आन् भाव पाडला. बाजारात रंगाला भाव हाय, गुळाला न्हाय. तिसऱ्या वर्सी म्या बी पुडी टाकली."

या उत्तरानें आम्ही खजील झालों. आडत्यास दोष देणें सोपें होतें; परंतु आडत्या पुण्याच्या बाजारांत जो माल खपतो तोच मागतो, आणि तो माल खपतो कोणाच्या घरांत? काकूंनीं सकाळीं काय सांगितलें होतें तें वाचकांस आठवत असेल. चाळीस वर्षें आमच्या घरानें पिंवळीधमक ढेप पाहून घेतली. चार आणे, आठ आणे, पुढें रुपया दोन रुपये जास्त देऊन घेतली. चांगल्याला जास्त दाम द्यावा या उत्तम तत्त्वानुसारच घेतली! आम्हीं फसवणूक केली नाहीं, कंजुषी केली नाहीं, घासाघीसही फारशी केली नाहीं. आणि तरी त्या प्रामाणिक म्हाताऱ्याच्या काहिलींत ती पुडी टाकणारा हात एका अर्थीं आमचाच होता.

यावरून आम्हांस जें दिसलें तें असें. दाम म्हणजे केवळ मोबदला नव्हे. ती आज्ञाही आहे. गिऱ्हाईक ज्या गोष्टीसाठीं पैसा जास्त मोजतो, ती गोष्ट पुढच्या खेपेस अधिक करण्याचा हुकूम तो कारागिरास देत असतो. त्याला गुण ओळखतां येत असेल तर तो गुण वाढतो. त्याला गुणाची नुसती खूण ओळखतां येत असेल तर खूण तेवढी वाढते, आणि खूण करणें हें गुण उत्पन्न करण्यापेक्षां नेहमींच सोपें असल्यामुळें, कालांतरानें गुण मागें पडून खूणच शिल्लक राहते. गाढवाला गुळाची चव काय, अशी आपल्याकडे म्हण आहे. परंतु गाढव निदान गुळास जादा दाम देत नाहीं, म्हणून त्याच्या अज्ञानानें गूळ बिघडत नाहीं. अज्ञानी उदार गिऱ्हाइकाच्या हातून मात्र तो बिघडतो.

आतां कोणी म्हणेल कीं, काळ पालटला आहे. आतां शिकलेले लोक रसायनविरहित काळसर गूळच मागतात, आणि त्यासाठीं अधिक पैसेही देतात. हें खरें आहे, आणि त्यांत हिताचा अंशही आहे. परंतु आबानें त्याचेंही उत्तर देऊन ठेवलें आहे. "आता लोक काळा मागत्यात. काळा बी करता येतो कीं," असें तो हंसत म्हणाला. मळी अर्धवट काढली अथवा पाक जरा जास्त जाळला, कीं गूळ काळा होतो. म्हणजे पिंवळ्याच्या जागीं काळा आला, एवढ्यानें आम्ही शहाणे झालों असें नाहीं. फक्त आमची खूण बदलली. कॉफीच्या पुडक्यावरची उंची, तारीख आणि मळ्याचें नांव यांचीही उद्यां हीच गति न होईल, असें कोणीं सांगावें?

यावर उपाय म्हणून कित्येकजण राज्यसत्तेकडे बोट दाखवितील. तो मार्ग जुना आहे. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत व्यापाऱ्याचा नफा देशी मालावर शेंकडा पांच व परदेशी मालावर शेंकडा दहा असा बांधून दिला असून, भेसळ व खोटें माप यांस दंड सांगितले आहेत. आजही भेसळीचा बंदोबस्त सरकारनेंच केला पाहिजे. प्रत्येक गृहिणीनें रसायनशाळा उघडावी अशी अपेक्षा करणें व्यर्थ होय. परंतु कायदा तळ बांधून देऊं शकतो, उंची गांठून देऊं शकत नाहीं. आपल्या देशांत १९४२ च्या कायद्यान्वयें मळेवाल्यांची कॉफी एकत्र जमा करून ती कॉफी बोर्डामार्फत विकण्याची व्यवस्था होती. ती १९९० नंतरच्या दशकांत टप्प्याटप्प्यानें संपली. त्या व्यवस्थेंत पडत्या भावांत लहान मळेवाल्यास आधार मिळाला, हा तिचा मोठाच गुण होता. परंतु एकाच्या मळ्यांतलें बी दुसऱ्याच्या बियांत मिसळून गेल्यावर पिणाऱ्यास पिकविणारा ओळखतां येईना, आणि ज्याचें नांवच कोणास कळणार नाहीं त्यानें तिसऱ्यांदा त्याच झाडापाशीं कशासाठीं जावें? सुरक्षितता आणि ओळख या दोन्ही गोष्टी हव्यात. पैकीं पहिली सरकार देईल, दुसरी गिऱ्हाइकासच द्यावी लागेल.

येथें एका गैरसमजास जागा राहूं नये. ज्यांना जादा दाम देणें शक्य नाहीं, त्यांच्याकडून सद्गुणाच्या बाजारांत कांहीं चूक घडते, असें आम्हांस मुळींच म्हणावयाचें नाहीं. उंची वस्तूच्या उलट साधी वस्तु आहे, हा समजच चुकीचा होय. साध्या वस्तूचें उंचीशीं वैर नाहीं. वैर आहे तें खोट्या वस्तूशीं, आणि खोटी वस्तु स्वस्तही असते व महागही असते. कॉफी बोर्डानें आपलीं उपाहारगृहें बंद केलीं तेव्हां कामावरून निघालेल्या नोकरांनीं, ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेनें, १९५७ पासून सहकारी संस्था काढून इंडियन कॉफी हाउसें चालविलीं. तेथील पेला स्वस्त, भांडीं साधीं, आणि नफा वाढणाऱ्यांचा. त्या कॉफीस शंभरांपैकीं किती गुण मिळतील तें आम्ही सांगूं शकत नाहीं. पण ती जें आहे म्हणून सांगते तेंच असते. तेवढें सत्य ज्या पेल्यांत आहे तो पिणाऱ्यानें कोणापुढेंही मान खालीं घालण्याचें कारण नाहीं.

मग मूळ प्रश्नाचें उत्तर काय? आमचें उत्तर असें कीं, जितकें आपणांस कळतें तितकाच जादा दाम द्यावा. परंतु कळल्यावर मात्र तो देण्यास चुकूं नये. न कळतां दिलेला जादा दाम ही प्रतिष्ठेची खरेदी होय, आणि तिनें वस्तु बिघडते. कळूनही न दिलेला जादा दाम ही दुसऱ्याच्या श्रमांची उचल होय, आणि तिनें माणूस बिघडतो. कारण असा कारागीर दोन वर्षें वाट पाहतो व तिसऱ्या वर्षीं पुडी टाकतो. "आम्हांस कळत नाहीं" हें उत्तर दरिद्र्याच्या तोंडीं क्षम्य आहे. ज्यांच्या घरीं मासिकें येतात, ज्यांस वाचावयास व विचारावयास सवड आहे, त्यांच्या तोंडीं तें फार वर्षें शोभणार नाहीं. त्यांनीं पुडक्यावरचीं बारीक अक्षरें वाचावीं, जेथें जाणें शक्य आहे तेथें काहिलीपाशीं उभें राहावें, आणि मुख्य म्हणजे अधून मधून डोळे मिटून चव घ्यावी.

हा शेवटचा उपाय आम्हीं त्याच रात्रीं करून पाहिला. आबाकडून दोन खडे आणले होते. एक पिंवळा, आणि एक त्यानें स्वतःच्या घरासाठीं केलेल्या तांबूस ढेपेचा. त्याच्या घरीं तो पुडी घातलेला गूळ खात नाहीं, हेंही आम्हांस त्याच दिवशीं कळलें. भाच्यानें काकूंस डोळे मिटावयास सांगितलें आणि एकामागून एक दोन्ही खडे हातावर ठेवले. पहिला तोंडांत घालून त्या कांहींच बोलल्या नाहींत. दुसरा घालतांच म्हणाल्या, "हा गूळ! माझ्या माहेरीं असा असायचा." डोळे उघडून पाहतात तों हातावर तांबूस खड्याचा चुरा. त्यांच्या जिभेस चाळीस वर्षें सर्व ठाऊक होतें; विचारलें मात्र कोणीं नव्हतें, आणि दाम ठरवीत होते ते डोळे.

दुसऱ्या दिवशींचा तिळगूळ तांबूस झाला. हळदीकुंकवास आलेल्या दोघी तिघींनीं "यंदा रंग असा कां हो?" म्हणून विचारलें, आणि काकूंनीं प्रत्येकीस डोळे मिटावयास लावून उत्तर दिलें. आबानें त्या ढेपेस किलोमागें दहा रुपये अधिक मागितले होते. भाजीच्या जुडीसाठीं एक रुपया न सोडणाऱ्या काकूंनीं ते मुकाट्यानें दिले, आणि पुढच्या सालची ढेप आतांच सांगून ठेवली. आपल्याखेरीज आणखी तीन घरांची मागणी आहे असा निरोप आम्हीं त्यास पोंचविला. चार ढेपांनीं बाजार पालटत नाहीं हें आम्हांस कळतें. पण निदान चार आधणें पुडीवांचून उतरतील.

कॉफीच्या बाबतींत आम्ही अद्याप शिकाऊ आहों. भाच्याचें पुडकें संपल्यावर आम्हीं तसलेंच, परंतु त्याहून कमी किमतीचें, दुसरें एक मागविलें. कारण सहाशें रुपयांइतकें आम्हांस त्यांतलें अजून कळत नाहीं. सकाळचा एक पेला बिनदुधाचा, बिनसाखरेचा घेऊन पाहतों, आणि कडूपणामागें कांहीं आहे काय याचा शोध घेतों. कांहीं दिवशीं तें सांपडल्यासारखें वाटतें. काकू मात्र आपल्या पेल्यांत पूर्वींप्रमाणेंच जायफळ घालतात. "मला झांकायचं कांहीं नाहीं, मला जायफळच आवडतं," असें त्या म्हणतात, आणि डोळे मिटून दिलेला निकाल असल्यामुळें त्यावर आमचें कांहीं म्हणणें नाहीं.